भिंतीपलीकडची आवळी

आई,

आपल्या आवळीला फळं धरली आहेत. एवढंच सांगून उठता आलं असतं, पण ती कशी धरली हे सांगायचं तर तुझं एक सांगणं मी मोडलं हेही सांगावं लागतं, आणि ते दोन ओळींत उरकलं तर माझं मलाच खोटं वाटेल. म्हणून तपासायचे पेपर बाजूला ठेवून ओसरीवर बसले आहे. कार्तिक लागला आहे, उन्हाची धग गेली आहे. फळं फार नाहीत. तुझ्या वेळी फांद्या वाकायच्या, तशी तर मुळीच नाहीत. स्वयंपाकघराच्या बाजूच्या दोन फांद्यांवर पानांच्या आत चिकटून बसली आहेत, हिरवी, अजून लहान. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या दिवशी रोजनिशीत ‘आवळे दिसले’ एवढंच लिहिलं.

पलीकडच्या काकूंशी तुझं बोलणं होतं तेव्हाचे दिवस मला हल्ली जास्त आठवतात. मधली मातीची भिंत कमरेएवढी, अलीकडे आपली आवळी, पलीकडे त्यांची. दोन्ही झाडं बरोबरीची, पण आपली लगडलेली आणि त्यांच्या झाडावर मूठभर बारके, तुरट आवळे. नाचणगावात मुरब्बा म्हटला की तुझा. बाबांच्या पुलगावच्या ऑफिसातसुद्धा बरण्या जायच्या. कार्तिकात गल्लीतल्या बायका आवळीभोजनाला यायच्या त्या आपल्याच अंगणात. झाडाला सूत गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं आणि मग त्याच्या सावलीत पंगत बसायची. काकू भरीत करून आणायच्या, तू कढी करायचीस. एका पंगतीचं मला अजून ऐकू येतं. काकू भाकरी मोडता मोडता वर बघत म्हणतात, “काय वो, तुह्या झाडाले इतके आवळे येते कुठून? माह्या झाडावरचे तं चोरून लटकावत नाई ना?” आणि तू कढी वाढता वाढता म्हणतेस, “तुह्या झाडाले असतीन तं चोरीन ना माय.” सगळ्या हसतात. काकूही हसतात, पण जरा उशिरा. मला वाटतं, तेव्हाच मला ते दिसलं होतं. किंवा आता मागे वळून पाहताना दिसतं आहे. यात नेमकं खरं काय ते मला ठरवता येत नाही.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. बाबा गेले त्याला वर्ष झालेलं नव्हतं. मी बी.एस्सी. होऊन शाळेत लागले होते. तू अंगणात बाजेवर बाबांचं जुनं धोतर पसरून गव्हाच्या कुरडया घातल्या होत्यास आणि वारा सुटला. आवळीचं पान ते केवढंसं, जिऱ्याएवढं. पण पलीकडच्या झाडाची पानं भरभर येऊन ओल्या कुरडयांवर चिकटली. तू दुपारभर एकेक पान नखानं काढत होतीस. मग काकू धुणं वाळत घालायला आल्या आणि तुला राहवलं नाही. “फळ म्हनावं तं मूठभर, कचरा गाडीभर. काय कामाचं वो तुमचं हे झाड?” काकूंनी पिळलेलं लुगडं तसंच हातात धरलं. “सावली तुह्याच आंगनात पडते याची. ते गोड लागते, कचरा मात्र माहा?” “कोनी मांगितली सावली? मले माह्या कुरडया साफ पाह्यजे.” इतकंच. याहून मोठी भांडणं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये चहा संपेपर्यंत मिटलेली पाहिली आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. त्यांचा सालदार झाड तोडत होता. तू चुलीपुढून उठली नाहीस. झाड पडलं तेव्हा काकू भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन, जणू कुणाच्या मयताला आल्या होत्या. “घे माय. वाळव आता किती वाळवायचं ते. माह्या झाडाले नावं ठेवली ना. आता पाहतो मी, तुह्या झाडाले कसं फळ लागते ते.”

आणि लागलं नाही. पुढच्या चैत्रात आवळी नेहमीसारखी फुलली, बारीक पिवळट फुलांनी काड्या भरून गेल्या, अंगणभर मधमाश्यांची गुणगुण, आणि कार्तिकात एकही आवळा नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तू बुंध्याशी आळं केलंस, शेणखत घातलंस, कुणी सांगितलं म्हणून मीठ घातलंस. बायका दोन कार्तिक आल्या. मग एकीनं हळूच म्हटलं की वांझ झाडाखाली कसं जेवावं, आणि त्या पुलगावला रेल्वेच्या पलीकडे कुणाच्या तरी वाडीत जायला लागल्या. त्या आल्या नाहीत त्या पहिल्या वर्षीही तू कढी केली होतीस. आपण दोघींनी ती दोन दिवस खाल्ली. “हाय लागली तिची,” तू म्हणालीस. त्यानंतर आपल्या घरात त्या झाडाबद्दल वेगळं कारण कुणी बोललं नाही.

सूर्यग्रहणाच्या दिवसाची तुला आठवण देऊ का? सगळा गाव दारं लावून बसला होता आणि तू मुसळ घेऊन अंगणात गेलीस, कारण ग्रहणात मुसळानं मारलं की न फळणारं झाड फळतं. मी ओसरीवरून “आई, आत ये” म्हणत होते. अंगणात तो विचित्र फिका उजेड. तू बुंध्यावर मुसळ मारलंस, आणि भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. तुमचा अबोला होता, त्यामुळे त्या त्यांच्या शेळीशी बोलल्या. “पाह्यलं का वो शेळे? मारून फळ लागत असतं तं मी माह्या पोराले मॅट्रिकमंदी पह्यलं आनलं नसतं का?” तू झाडाला म्हणालीस, “दुसऱ्याच्या आंगनात कान देनाऱ्याच्या शेळीले दूध येत नाई म्हना.” मी तोंडात पदर कोंबून हसले. रात्री जेवताना तूही एकदा हसलीस, कशाला ते सांगितलं नाहीस. मला तेव्हा वाटलं होतं की आता मिटेल.

त्याच वर्षी चैत्रात मी शाळेतलं भिंग घरी आणलं. मुलांना परागीभवन शिकवायला लागून इतकी वर्षं झाली होती, फळ्यावर दोडक्याचं नरफूल आणि मादीफूल रंगीत खडूंनी काढत होते, आणि आपल्या अंगणातल्या झाडाकडे तसं एकदाही पाहिलं नव्हतं. आपल्या आवळीवर दोन्ही फुलं होती. काडीच्या बुडाशी नराची ढीगभर आणि टोकाकडे मादीची थोडी. म्हणजे झाडात खोट नव्हती. मग मी वर्ध्याला माझ्या जुन्या सरांकडे गेले. ते म्हणाले की पुष्कळ आवळ्यांना स्वतःचा पराग चालत नाही, जवळ दुसरी आवळी असावी लागते, एकटं झाड नुसतं फुलत राहतं. परतताना गाडीत मला आनंद झाला होता, तो मी लपवत नाही. तुला वाटत होतं तसं काही अमंगळ नव्हतं, हे मी तुला सांगणार होते.

तू कणीक मळत होतीस. मी सगळं सांगितलं, फुलं दाखवली, भिंग तुझ्या हातात दिलं. तू ते परातीच्या कडेला ठेवलंस. “म्हनजे माह्यं झाड तिच्या झाडाच्या जिवावर फळत होतं?” मी म्हटलं, तसं नाही, दोन्ही मिळून. “तेच झालं ना.” तू कणकेवर मूठ दाबलीस. “हाय लागली तेच बरं होतं वो पोरी. हाय सोसता येते.” मी आणखी समजावायला गेले तेव्हा म्हणालीस, “इतकं शिकवलं तुले, ते काय मायले तिच्या दारी न्यायसाठी?” यानंतर मी तो विषय काढला नाही. माझं चुकलं की नाही हे मी अजून ठरवू शकलेले नाही. खरं बोलले एवढं नक्की, पण ऐकणाऱ्याला त्याचं काय करायचं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी तू गेलीस. शेवटच्या आठवड्यात, मी तुझ्या पायांना तेल लावत असताना म्हणालीस, “तिच्या उंबरठ्यावर पाय ठेवजो नको.” वचन मागितलं नाहीस. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तुला नेलं तेव्हा काकू त्यांच्या फाटकाशी उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मी बोलावलं नाही.

मग ही सगळी वर्षं. माझं लग्न जमलं नाही हे तुला माहीतच आहे. तुझ्यामागं कुणी जमवायला बसलंही नाही. सकाळी सायकलनं पुलगाव, संध्याकाळी परत, एक कुकर, एक ताट. पलीकडे काका गेले, शेळी गेली, पोरगा भिलाईला नोकरीला लागला, काकू एकट्या. भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका आणि दोन चुली. त्यांचा खोकला ऐकून मला कळायचं की त्या उठल्या, आणि माझ्या सायकलच्या घंटीनं त्यांना कळत असावं की मी आले. एकदा तापानं पडले होते तेव्हा भिंतीपलीकडून त्या मोठ्यानं खाकरल्या. थोड्या वेळानं पुन्हा. मी भांडं आपटलं. तेव्हा त्या आत गेल्या.

या चैत्रात आवळी फुलली होती. मी नळाला पाणी आलं म्हणून बादली लावून उभी होते. पलीकडे झाडू चालू होता, तो थांबला आणि काकूंचा आवाज आला. “चाललो वो मी. पोरगा नेते भिलाईले. घर इकून टाकलं त्यानं.” शेळी मरून किती वर्षं झाली. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. बादली भरून वाहायला लागली तरी मी उभीच. मग नळ बंद केला, चपला घातल्या आणि रस्त्यानं फिरून त्यांच्या फाटकातून आत गेले. उंबरठा ओलांडला. तुझं नाव मनात घेतलं नाही, हेही सांगून टाकते.

काकू गाठोडं बांधत होत्या. वर बघून नुसतं “बस” म्हणाल्या, जणू मी कालच येऊन गेले होते. “चहा मांडतो.”

“नको काकू.”

“नको कायले? तुही माय रागावंल?” त्या हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. “रागावलीच असती.”

“रागावली असती,” मी म्हटलं.

त्यांनी चुलीवर आधण ठेवलं. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, “फुलते ना वो अजून तुमचं झाड?”

“फुलतं.”

“अन् फळ?”

“नाही.”

“माह्याच तोंडातून निघालं होतं ते. रागात होतो मी. तुही माय जाईपरेंत मी रोज सकाळी भिंतीवरून पाहत होतो, एक तरी लागलं का म्हनून. एक जरी लागलं असतं तं मी आली असती तिच्यापाशी.”

मी त्यांना सांगितलं. जे तुला सांगितलं होतं तेच, पण या वेळी हळू, थांबत थांबत. बोलण्यानं झाडं वांझ होत नाहीत. आपल्या आवळीला दुसऱ्या आवळीचा पराग लागतो, तो त्यांच्या झाडावरून यायचा, वाऱ्यानं आणि मधमाश्यांच्या पायांना लागून. त्या बशी हातात धरून ऐकत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला तो चेहरा पंगतीतला वाटला.

“म्हनजे तुह्या मायच्या मुरब्ब्यात अर्धा वाटा माहा होता.”

“अर्धा तरी.”

“अन् कचरा गाडीभर म्हने.” त्यांनी बशी खाली ठेवली. “पन तोडलं तं मीच ना वो.”

त्यांचं ओझं उतरावं म्हणून सांगितलं होतं आणि मी फक्त त्याचं नाव बदललं होतं. मी घाबरले, की पुन्हा तेच होणार, कणकेच्या परातीपाशी झालं तेच. पण काकू म्हणाल्या, “हे बरं हाये पन. हाय लागली म्हटलं तं कोनी काय करन? झाड तोडलं तं दुसरं आनता येते.” मी म्हटलं, नवं झाड फुलायला वर्षं लागतील. “झाड कायले पाह्यजे? तूच तं म्हनून राह्यली, पिवळी भुकटी पाह्यजे म्हनून. आंजीले माह्या माहेरच्या मळ्यात आवळी हाये. तिचंच बी मी लग्नानंतर पदरात बांधून आनलं होतं. ती आवळी फुलली असंन आता.”

त्या रविवारी आम्ही दोघी वर्ध्यावरून आंजीला गेलो. काकूंच्या भाच्यानं फुललेल्या मोठ्या डहाळ्या तोडून दिल्या, आम्ही त्या पाण्याच्या बादलीत उभ्या केल्या आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. परतीच्या एसटीत कंडक्टर म्हणाला, “आजी, हे जंगल कुठं नेऊन राह्यली?” काकू म्हणाल्या, “जंगल नाई बाबू, नवरदेव हाये. हळू चालवाले सांग.” “वरात तं लहानच दिसते.” “बाकीची मरून गेली,” काकू म्हणाल्या, आणि कंडक्टर हसावं की नाही ते न कळून पुढे सरकला. माझ्या मांडीवर पिवळी धूळ सांडत होती. किती वर्षांनी मी कुणाच्या तरी शेजारी बसून गावाला परत येत होते.

बादली आम्ही दोराने आवळीच्या आतल्या फांदीला टांगली, स्वयंपाकघराच्या बाजूला, कारण शिडी तिथेच नीट टेकत होती. काकूंनी खालून दोर धरला. आपल्या अंगणात त्या किती वर्षांनी आल्या होत्या. इकडेतिकडे पाहून एवढंच म्हणाल्या, “भिंतीवरून लहान दिसत होतं.” दुपारपर्यंत मधमाश्या डहाळ्यांवर आणि डहाळ्यांवरून आवळीवर जायला लागल्या. दोन दिवसांनी डहाळ्या सुकल्या. त्याच आठवड्यात भिलाईहून पोरगा आला आणि काकू गेल्या.

आवळीचं एक आहे. फूल फळलं तरी बाहेर काही दिसत नाही. आतला गर्भ सगळा उन्हाळा तसाच निजून राहतो आणि पावसाळा बराच उलटल्यावर वाढायला लागतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण महिनोन् महिने रिकाम्या दिसणाऱ्या काड्यांकडे बघत राहायचं म्हणजे काय ते पुस्तकात नव्हतं. पलीकडच्या घराला नवं कुलूप लागलं होतं. सकाळी खोकला ऐकू येत नव्हता. या दिवसांत मला वाटायचं की मी तुझं मोडलं आणि हाती काही आलं नाही, तर दोन्हीकडून गेले. मग भाद्रपदात आवळे दिसले. बादली टांगली त्याच बाजूला आहेत, पण म्हणून ते त्या डहाळ्यांनीच लागले असं मी वर्गात छातीठोक सांगू शकणार नाही. गल्लीच्या टोकाला कुणी नवी आवळी लावली असेल, ती यंदा फुलली असेल. मी शोधायला गेले नाही, आणि जे शोधायला हवं ते मुद्दाम न शोधण्याची माझी ही पहिलीच वेळ. काकूंना कार्ड टाकलं. त्यांच्या नातवाच्या अक्षरात उत्तर आलं: “आजी म्हणते, अर्धे माझे आहेत.” दिवाळीची सुट्टी संपायच्या आत मी ते घेऊन जाणार आहे. भिलाईला मी याआधी कधी गेलेले नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून शेवटी एक लिहून ठेवते. तू असतीस तर मी पलीकडे गेले नसते. पण तू नव्हतीस, तरीही मी इतकी वर्षं गेले नाही, आणि तो तुझा मान राखणं आहे असं स्वतःला सांगत आले. ते तितकंसं खरं नव्हतं. तू गेल्यावर मला काही सांगणारं, कुठे जाऊ नको म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. तुझं ते एकच सांगणं शिल्लक होतं, आणि मी ते पाळत होते तोवर या घरात मला अडवणारं कुणीतरी होतं.